बिबट्या दिसला, पाडा दिसला नाही
जुन्या वन्यजीवपटांत माणूसच नसतो, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. १९७९च्या 'लाइफ ऑन अर्थ' या बीबीसीच्या निसर्गमालिकेचा तेरावा, म्हणजे शेवटचा भाग माणसावरच होता. खटकतं ते हे की जाणकार म्हणून कॅमेऱ्यासमोर बोलतो तो बहुतेक वेळा गोरा निवेदक; स्थानिक माणूस वाट दाखवतो नाहीतर सामान उचलतो.

आणि हे फक्त जुन्याच मालिकांत होतं असंही नाही. बीबीसीच्याच २०१६च्या 'प्लॅनेट अर्थ २'मध्ये आपल्या मुंबईचे बिबटे आले. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने रात्री डुकराची पिल्लं पकडताना टिपलेले. चित्रण जबरदस्तच, वाद नाही! पण आरे आणि संजय गांधी नॅशनल पार्कातल्या (एसजीएनपी) पाड्यांवरचे वारली आदिवासी त्यात जाणकार म्हणून कुठे बोलतात? त्यांच्याकडे वाघोबाचं, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाचं ठाणं असतं, वाघबारशीला त्याची पूजा होते. अंधारात निघताना बॅटरी घ्यायची, मोबाइलवर गाणी लावायची, पोरांना एकटं सोडायचं नाही, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक. वनखात्याने २०११पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' उपक्रमातून शहरी सोसायट्यांना जवळपास हेच समजावलं. तिथला 'तज्ज्ञ' हा पाड्यावरचा माणूसच होता, त्याच्यापुढे माईक धरायला हवा होता.