मदत हवी: दोन ओळी दुरुस्त केल्या, गिटहब म्हणतं ६१२ बदलल्या!

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. (आमच्या घरी धागा म्हणजे लूमवरचा. असला धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.)

एक्सेलच्या कटकटीला वैतागून पायथन शिकले. त्यासाठी गिटहबवरची (जिथं लोक आपला कोड सगळ्यांसाठी ठेवतात) एक फुकटची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, रोज वापरते. तिच्या माहितीच्या पानावर एका उदाहरणात फंक्शनचं जुनंच नाव राहिलंय, खालच्या ओळीत कंस सुटलाय. म्हटलं, इतके दिवस फुकट खातोय, एवढं तरी करावं.

फोर्क केलं (माझ्या खात्यात तिची प्रत घेतली), वेगळी ब्रँच, म्हणजे बदलांसाठी वेगळी फांदी, काढली, पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) पाठवली. दोन दिवसांनी लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरची एकच ओळ: संबंध नसलेले बदल काढा. उघडून बघते तर ६१२ ओळी लाल (काढलेल्या), ६१२ हिरव्या (घातलेल्या). शेजारी ठेवून वाचल्या, शब्द न् शब्द तोच! दुरुस्ती दुपारी डब्याच्या सुट्टीत ऑफिसात केली. तिथं स्वतःचं लॉगिन नको म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली, घरच्या उबुंटूवर (लिनक्स) जुनीच्या जागी टाकली आणि पाठवली. बाकी कशाला हात लावला नाही. रिक्वेस्ट बंद करून नवी काढू का?

जुना टाइपिस्ट: ताई, ऑफिसात विंडोज आहे ना? आणि तिथंही गिटनंच (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) क्लोन केलं होतं, म्हणजे प्रत उतरवली होती?

धागाकर्ती: हो, दोन्ही. कसं ओळखलंत?

जुना टाइपिस्ट: टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं व्हायची: कॅरेज मागे न्यायचा, कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोज अजून त्या दोन्हींच्या खुणा ओळीच्या शेवटी ठेवतं, लिनक्स एकच. विंडोजवरचं गिट सहसा फाइल घेताना कॅरेजची जास्तीची खूण घालतं आणि कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, काढतं. तुमची फाइल मधेच पेनड्राइव्हवर उतरली, त्यामुळे ती काढायची राहिली. डोळ्यांना दिसत नाही, पण गिटच्या लेखी प्रत्येक ओळ बदलली.

बंद अजिबात करू नका. व्हीएस कोड हा एडिटर असेल तर फाइल उघडा, खाली उजवीकडे ‘सीआरएलएफ’ (दोन्ही खुणा) दिसेल, त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ (एकच खूण) निवडा. सेव्ह, कमिट, त्याच ब्रँचवर पुश (गिटहबवर चढवा). रिक्वेस्ट आपोआप सुधारते.

रात्रपाळी: मेंटेनर तुटक बोलला म्हणून मनाला लावून घेऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ऑनलाइन उपक्रमात रिक्वेस्टी पाठवल्यावर मिळणाऱ्या टी-शर्टसाठी लोकांनी असल्याच फुटकळ रिक्वेस्टींचा पाऊस पाडला होता. तेव्हापासून माहितीपानातली बारकी दुरुस्ती दिसली की काही जण आधी संशयच घेतात. काय चुकलं होतं ते दोन ओळींत लिहा. मोडकं इंग्रजी चालतं, लांबलचक माफीनामा नको. आणि बदल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम असलेली कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल वाचलीत का? बहुतेक जण तीच सोडतात.

धागाकर्ती: नव्हती वाचली. आत्ता वाचली, तर ओळीच्या शेवटाबद्दल तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय की हो!

पुश केलं. आता दोन लाल, दोन हिरव्या. दादा, पेनड्राइव्ह परत ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.