ग्राउट (फरशीच्या सांध्यात भरायचा माल) भरायचा रोबोट कुणी वापरलाय का? मदत हवी आहे
मंडळी, कोल्हापुरात कळंब्यात अपार्टमेंटचं काम चालू आहे, फरशी बसली पण ग्राउटिंगला माणूसच मिळंना, जो येतोय तो अर्ध्या दिवसात गुडघे धरून बसतोय. त्यात ग्राउट इपॉक्सीचं (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन), एकदा कालवलं की पाऊण तासात घट्ट, पुसायचं राहिलं की टाइलवर जो थर बसतो तो ॲसिडनं पण निघत नाही (एक बेडरूम तशीच झालीय, मालक रोज येऊन बघून जातो).
रोबोट कॅमेऱ्यानं सांधा शोधून माल सोडत जातो म्हणे, पण आमचे सांधे कुठं २ एमएम कुठं ३, कोपऱ्यात स्पेसर (सांध्याचं अंतर राखायला घातलेले प्लॅस्टिकचे तुकडे) तसेच, तिथं त्याला कसं कळणार? आणि वरचं पुसणार कोण? भाड्यानं मिळतो का, का उद्यमनगरातल्या वर्कशॉपात साधी ढकलायची मशीनच करून घेऊ? वापरलेल्यांनीच सांगा, व्हिडिओ लई बघितलेत.