रि: मे हाफ टर्मला आम्ही दोघंच, जवळपास कुठे जावं?

प्रेषक: स्मिता (हॅरो, लंडन)

नमस्कार मंडळी,

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते मात्र सगळं. थोडं घरचं आहे पण विचारतेच. गेली दोन वर्षं मी आणि माझा मुलगा (वय ७) असे दोघंच राहतो. हाफ टर्म (शाळेची मधली आठवड्याची सुट्टी) जवळ आलीय, वर्गातली निम्मी मुलं स्पेन नाहीतर पोर्तुगालला चाललीयत आणि हा रोज विचारतो आई आपण कुठे जायचं. गाडी नाही. पैशाचं बघेन मी काहीतरी, पण दिवसभर एकटीने सगळं सांभाळायचं म्हटलं की निघायच्या आधीच दमायला होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये एका थीम पार्कला गेलो होतो. तिथे फॅमिली तिकीट म्हणजे दोन मोठे दोन लहान, त्यामुळे आम्हाला सुटी तिकिटं काढावी लागली, ते एक वेळ जाऊ दे. पाऊण तास लाईनमध्ये उभे राहिलो, पुढे आठ-दहा जण उरले आणि त्याला शू लागली. जागा धरायला दुसरं कोणी नाही, लाईन सोडली, आलो तर परत शेवटून सुरुवात. तो रडलासुद्धा नाही, "राहू दे आई, घरी जाऊ" म्हणाला, आणि तेच मला फार लागलं. कोणी एकटं मुलांना घेऊन फिरत असेल तर प्लीज सांगा काय करता ते.

स्मिता

---

प्रेषक: वैशाली (लुईशम)

अगं स्मिता, बरं झालं लिहिलंस. मी आठ वर्षं एकटीने दोघांना घेऊन फिरतेय (आता ११ आणि ८), त्यामुळे तुझी ती लाईन मला डोळ्यासमोर दिसली. मी एक नियम केलाय, जिथे लाईन आहे तिथे आपण जायचंच नाही. आपल्याकडे हात दोनच, तेव्हा जागा अशी हवी की मुलाला कधीही शू लागली, भूक लागली, कंटाळा आला तरी काही बुडत नाही.

त्यातली माझी सगळ्यात लाडकी ट्रिप सांगते. बँक स्टेशनवरून डीएलआर (आपोआप चालणारी छोटी ट्रेन) पकडायची, अगदी पहिल्या डब्यात पुढच्या काचेपाशी बसायचं. ड्रायव्हरची केबिन नसते, त्यामुळे मुलांना वाटतं गाडी तेच चालवतायत. ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. ग्रीनिचला थेट नाही उतरायचं, आधी आयलंड गार्डन्सला उतरायचं आणि थेम्सच्या खालून बोगद्याने चालत पलीकडे जायचं. १९०२ साली दक्षिणेकडे राहणाऱ्या गोदी कामगारांना कामावर जाता यावं म्हणून बांधलेला बोगदा आहे, ३७० मीटर, पांढऱ्या टाइल्स, दोन्हीकडे लिफ्ट. उत्तरेच्या टोकाला तो मध्येच एकदम अरुंद होतो, महायुद्धात बॉम्बने तडा गेला म्हणून आतून लोखंडी अस्तर घातलंय. माझ्या धाकटीने पहिल्यांदा तिथे उभं राहून "आजीऽऽ" अशी हाक मारली होती आणि ती किती वेळ घुमत राहिली, डोक्यावर अख्खी नदी आणि पोरगी साताऱ्याच्या आजीला हाक मारतेय, मला तिथेच भरून आलं. बाहेर आलं की समोरच कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज, बाहेरून हवं तेवढं बघता येतं.

मग ग्रीनिच पार्कमधली टेकडी चढायची, पण एक वाजायच्या आत वर पोचायचं हं. तिथल्या जुन्या वेधशाळेच्या छपरावर लाल चेंडू आहे, १८३३ पासून रोज दुपारी एकला खाली पडतो, पूर्वी नदीतली जहाजं तो बघून आपली घड्याळं लावायची. १२:५५ ला अर्धा चढतो, १२:५८ ला टोकाला, बरोब्बर एकला धप्प. फार वारा असेल तर चढवत नाहीत. गेटपाशी २४ तासांचं घड्याळ आहे, ते बारा महिने ग्रीनिचची मूळ वेळ दाखवतं म्हणजे आत्ता उन्हाळ्यात एक तास मागे, त्याला विचार का ते, अर्धा तास डोकं खाजवत बसेल. हे सगळं बाहेरून, तिकीट नाही. डबा नेतेच मी, धपाटे आणि दह्याची चटणी, हिरवळीवर बसून खायचं.

तिकिटांचं म्हणशील तर सगळीकडे तसं नसतं. नॅशनल ट्रस्टची (जुनी घरं, बागा जपणारी संस्था) एका पालकाची वेगळी फॅमिली मेंबरशिप असते, नीट बघून घे, नाहीतर दोघांची घेऊन बसशील. इंग्लिश हेरिटेज ही तशीच दुसरी संस्था, तिथे तर एका मोठ्या मेंबरबरोबर सहा मुलं फुकट, त्यात एल्थम पॅलेस येतो, १९३० च्या दशकातलं घर, मालकांनी लेमूर (माकडासारखा प्राणी) पाळला होता आणि त्याला स्वतःची गरम खोली होती, माझी दोघं दरवेळी आधी ती खोली बघायला पळतात. आणि ट्रेनच्या तिकिटांसाठी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढच, ३५ पौंड वर्षाला, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट, एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं.

स्पेनचं मनाला लावून घेऊ नकोस. परदेशी न्यायचं म्हणजे मुलाच्या वडिलांची परवानगी लागते (मूल तुझ्याकडे राहील अशी कोर्टाची ऑर्डर असेल तर २८ दिवसांपर्यंत नेता येतं). माझं एक वर्ष त्या पत्राची वाट बघण्यात गेलं आणि सुट्टी संपली. ग्रीनिचला जायला कोणाची सही लागत नाही.

वैशाली

---

प्रेषक: मंदार (इलफर्ड)

स्मिता, वैशाली, दोघींचे मेल वाचून धीर आला म्हणून लिहितोय. माझी मुलगी ६ वर्षांची आहे, तिची आई गेली त्याला दीड वर्ष झालं. बाप एकटा असला की टॉयलेटचा प्रश्न असा की तिला लेडीजमध्ये एकटी कशी पाठवायची आणि जेंट्समध्ये न्यायची तर तिलाच नको वाटतं. म्हणून मी आधी वेबसाईटवर फॅमिली रूम आहे का ते बघतो आणि मगच जागा ठरवतो. एकदा स्टेशनवर एका अनोळखी आजींना विनंती केली, त्या तिचा हात धरून घेऊन गेल्या आणि दोघी गप्पा मारत परत आल्या, मी मात्र बाहेर घामाघूम.

आम्ही समुद्रावर, साउथएंडला जातो. फेन्चर्च स्ट्रीट स्टेशनवरून साउथएंड सेंट्रल साधारण तासाभरात. तिथला पियर (समुद्रात गेलेला धक्का) २ किलोमीटरच्या वर लांब आहे आणि त्यावर छोटी ट्रेन धावते, जाताना चालत जायचं आणि येताना ट्रेनने, कारण येताना हमखास कडेवर घ्यावं लागतं. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की किनाऱ्यावर नुसता चिखल उरतो, बोटींना किनाऱ्याशी येता येईना म्हणून तर पियर एवढा लांब बांधला. पहिल्या वेळी आम्ही पोहायचे कपडे घेऊन गेलो आणि समुद्रच जागेवर नव्हता.

मंदार

---

प्रेषक: अरुण (वेम्बली)

स्मिता, वैशाली, मंदार,

तुम्हा मुलांचे मेल आम्ही दोघांनी चहा घेताना वाचले. ही वाचता वाचता मध्येच थांबली. आमची नातवंडं सिडनीला, दोन वर्षांतून एकदा भेटतात.

एक जागा मीही सुचवतो. चॉक फार्म स्टेशनपासून थोडं चालत गेलं की १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे शिकत असताना ह्या घरात राहत होते, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. मुलांना त्यांची खोली दाखवा आणि सांगा की घरापासून एवढ्या लांब येऊन ते रात्र रात्र वाचत बसत. मग लगेच प्रिमरोझ हिल, तिथे पोरांना मोकळं सोडा, वरून अख्खं लंडन दिसतं.

आणि स्मिता, आम्हाला फ्रीडम पास (ज्येष्ठांचा मोफत प्रवासाचा पास) आहे, वेळ आहे, उभं राहायची सवय आहे. लाईन असेल तिथे आम्हाला न्या. आम्ही जागा धरतो, तुम्ही मुलांना घेऊन जाऊन या.

अरुणकाका

---

प्रेषक: स्मिता (हॅरो)

काका, तुमचा मेल मी ऑफिसात वाचला आणि जरा वेळ बाहेर जाऊन आले.

मंगळवारी ग्रीनिचला जाऊन आलो. पुढची सीट पहिल्या गाडीत नाही मिळाली, एक गाडी सोडली तेव्हा मिळाली. बोगद्यात त्याने हाक नाही मारली, पावलं मोजली, ५८३. चेंडू पडला तेव्हा "एवढंच?" म्हणाला आणि उद्या परत बघायला येऊ या का विचारलं. येताना ट्रेनमध्ये मांडीवर झोपला, सॅक आणि तो दोन्ही उचलून जिना चढले, खांदा अजून दुखतोय.

रेलकार्ड काढलंय. वैशालीताई तू, मंदार आणि मी मिळून तीन मोठे आणि मुलं बरोबर चार, सगळे माझ्या एकाच कार्डावर मावतो. काका-काकूंचं सीनियर कार्ड आहे असं काकू फोनवर म्हणाल्या. हा शनिवार, साउथएंड, सकाळी दहा, फेन्चर्च स्ट्रीटच्या गेटपाशी. दुपारी भरती आहे ना ते मंदार बघून सांगतोय. पोळीचे रोल मी आणते, धपाटे वैशालीताई तुझे. मंदार, मुलीच्या टॉयलेटची काळजी करू नका, आम्ही तिघीजणी आहोत.

स्मिता