शब्दचर्चा : हाक, ओ आणि ओसरी (फाइल-सिंकच्या जोडणीसाठी मराठी शब्द; बोलणाऱ्यांची नावं नागपुरातल्या वस्त्यांची)

धरमपेठ :
सीताबर्डीचं कार्यालय आणि हिंगणा एमआयडीसीतला कारखाना यांच्या फायली रोज रात्री आरसिंकने (दोन मशीनांवरच्या फायली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रामने) जुळवल्या जातात. ही व्यवस्था सांभाळणाऱ्यांसाठी मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. हाताशी असलेल्या कच्च्या भाषांतरात क्लायंटला ‘ग्राहक’, सर्व्हरला ‘सेवक’, डीमनला ‘दैत्य’, पोर्टला ‘बंदर’, टाइमआउटला ‘कालबाह्य’, बॅकलॉगला ‘अनुशेष’ आणि हँडशेकला ‘हस्तांदोलन’ आहे. कनेक्शनला एका पानावर ‘जोडणी’, दुसऱ्यावर ‘संपर्क’. रात्री अडीच वाजता लॉग (मशीनची नोंदवही) वाचणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते कळावं, एवढंच शब्दांकडून हवं आहे. सुचवा.

महाल :
सोपे आधी. ‘बंदर’ काढून टाका. लॅटिनमध्ये दार आणि बंदर यांसाठी दोन जवळजवळचे शब्द आहेत, त्यातलं संगणकाचं पोर्ट (जोडणी जिथून आत येते ते क्रमांकाचं दार) दाराकडचं. मराठीत ‘पोर्ट’ रुळलं आहे, तेच ठेवा. ‘कालबाह्य’ म्हणजे जुनाट, आता उपयोगाचं नाही असं. कालबाह्य प्रथा असते, कालबाह्य जोडणी नसते. तिथे ‘मुदत’ हवी : मुदत घातली, मुदत टळली.

जोडणी आणि संपर्क यांत जोडणीच घ्या, कारण ती मोजता येते. नळजोडण्या, वीजजोडण्या आपण मोजतोच. ‘कमाल २० जोडण्या’ सरळ वाटतं, ‘कमाल २० संपर्क’ म्हटलं की फोनमधली नावांची यादी आठवते. क्रियापदं मात्र मोकळी वापरा. जोडणी लागली, तुटली, लटकली.

हिंगणा :
खरी गल्लत ग्राहक-सेवकाची आहे, ती आधी सोडवू. ‘ग्राहक’ म्हटलं की माल घेणारा डोळ्यांपुढे येतो. आरसिंकमध्ये क्लायंट म्हणजे ज्याने काम सुरू केलं तो, इतकंच. फाइल कोण देतं नि कोण घेतं याच्याशी त्याचा संबंध नाही. कारखान्याच्या मशीनवर आज्ञा देऊन फायली सीताबर्डीला ढकलल्या, तर क्लायंट कारखाना आणि देणाराही तोच. त्याच फायली सीताबर्डीहून आज्ञा देऊन ओढल्या, तर क्लायंट सीताबर्डी. फायली मात्र कारखान्याकडूनच येतात.

म्हणून जोड्या दोन लागतात. पहिली हाकेची : क्लायंट आणि सर्व्हर. दुसरी मालाची : धाडणारा आणि घेणारा. जोडणी लागून बोलणं सुरू झालं की पहिली जोडी मागे पडते, पुढचं सगळं काम दुसऱ्या जोडीचं. त्यातही घेणाऱ्या बाजूला दोन प्रक्रिया चालतात. जनरेटर स्वतःकडची फाइल पाहतो, तिचे ठोकळे पाडून प्रत्येकाची बेरीज (चेकसम, म्हणजे ओळखीचा आकडा) काढतो आणि ती धाडणाऱ्याला पाठवतो. धाडणारा ती स्वतःच्या फायलीशी ताडून फक्त फरक पाठवतो. रिसीव्हर त्या फरकातून तात्पुरत्या नावाची नवी फाइल रचतो आणि पूर्ण झाल्यावर तिला खरं नाव देतो. माल एकाच दिशेने फिरतो : जनरेटर, मग धाडणारा (सेंडर), मग रिसीव्हर. लॉगमध्ये चूक नोंदवणाऱ्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात यांपैकी एकाचं नाव असतं. तक्रार कोण करतो आहे ते तिथे कळतं, म्हणून हे तीन शब्द पुस्तिकेत वेगळे दिसलेच पाहिजेत.

महाल :
हाकेच्या जोडीला शब्द घरचाच आहे : हाक मारणारा आणि ओ देणारा. हाक कोणत्याही बाजूने जाऊ शकते, देण्याघेण्याचा वास त्याला नाही.

सक्करदरा :
समजावायला छान, वापरायला लांब. ‘ओ देणाऱ्याच्या मांडणीफायलीत’ असं वाक्य कोण वाचणार? क्लायंट, सर्व्हर तसेच राहू द्या. पहिल्या पानावर एकदा सांगा : क्लायंट म्हणजे हाक मारणारा, सर्व्हर म्हणजे ओ देणारा. तिथून पुढे रूढ शब्द.

महाल :
मान्य. या शहरात हा प्रश्न जुनाच आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून राज्यकारभाराचे शब्द घडवण्याचं काम इथे केलं. घडवलेले शब्द तोंडी बसले तेव्हाच टिकले.

धरमपेठ :
मग डीमन आणि सर्व्हर एकच का? कच्च्या मजकुरात दोन्ही आलटून पालटून आले आहेत.

हिंगणा :
एकच नाहीत, आणि हीच चूक सगळ्यांत महाग पडते. आरसिंक दूरच्या मशीनला दोन वाटांनी गाठतं. पत्त्यात मशीनच्या नावानंतर एक अपूर्णविराम दिला, तर ते एसएसएचने (दूरच्या मशीनवर कूटबद्ध वाटेने लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामने) जातं, म्हणजे सहसा पोर्ट २२. तिथे कोणीही आधीपासून बसलेलं नसतं. एसएसएच लॉगिन झाल्यावर पलीकडे आरसिंकची एक प्रक्रिया ‘सर्व्हर’ हा पर्याय लावून त्या कामापुरती उठवली जाते. काम संपलं की ती संपते. तिथे सर्व्हर आहे, डीमन नाही.

दोन अपूर्णविराम दिले, तर जोडणी पोर्ट ८७३ वर जाते. तिथे डीमन आधीपासून बसलेला असावा लागतो. हाक आली की तो स्वतःसारखी एक प्रक्रिया वेगळी काढतो, ती त्या क्लायंटचा सर्व्हर होते, आणि डीमन पुन्हा पुढच्या हाकेसाठी मोकळा. दुसरा अपूर्णविराम टाकायचा राहिला की प्रोग्राम एसएसएचचा पासवर्ड मागू लागतो आणि लोक डीमनचा पासवर्ड देऊन देऊन थकतात. पुस्तिकेत ही ओळ ठळक छापा.

आणखी एक. डीमनच्या वाटेवर पासवर्ड उघडा जात नाही, त्याचं फक्त उत्तर-प्रत्युत्तर होतं. फायलींचा मजकूर मात्र उघडाच जातो. एका खोलीतल्या दोन मशीनांसाठी ते चालेल, सीताबर्डी ते हिंगणा बाहेरच्या तारेवरून चालणार नाही. तिथे एसएसएच.

महाल :
तर ‘दैत्य’ चुकीचा आहे, अर्थानेही. मूळ ग्रीक शब्द आडून काम करणाऱ्या शक्तीचा आहे, दुष्टाचा नव्हे. आपल्याकडे पीक उभं असताना शेतात रात्री राखणीला बसतात त्याला ‘जागली’ म्हणतात. डीमन ८७३ वर जागलीला बसला आहे, हे वऱ्हाडापासून भंडाऱ्यापर्यंत कोणालाही समजेल. लिसनिंग या अवस्थेला ‘ऐकतो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘जागलीवर’ हे नेमकं, कारण अजून ऐकायला काहीच आलेलं नसतं.

‘अनुशेष’ तर आपल्याकडे वापरूच नका. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विदर्भात अनुशेष म्हणजे जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही ते. वाचणाऱ्याला वाटेल की काही फायली द्यायच्या राहिल्या. बॅकलॉग म्हणजे इथे नेमकं काय होतं?

हिंगणा :
ज्यांची हाक मशीनपर्यंत पोचली, पण डीमनने अजून आत घेतलं नाही, अशांची रांग. आरसिंकच्या डीमनमध्ये ती मुळात ५ जणांची असते, मांडणीफायलीत (सेटिंग्जच्या फायलीत) वाढवता येते. लिनक्सची (मशीन चालवणाऱ्या प्रणालीची) स्वतःची वरची मर्यादाही लागते : कर्नल (तिचा गाभा) ५.४ पासून ४०९६, त्याआधी १२८. रांग भरली की लिनक्स सहसा नकार कळवत नाही, नवी हाक नुसती सोडून देतो. क्लायंट थोड्या वेळाने पुन्हा हाक मारतो, म्हणून बाहेरून ‘आज जरा हळू लागतंय’ असं दिसतं.

कमाल जोडण्या ही गोष्ट वेगळी. ती आत आलेल्यांची संख्या. मुळात शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. ती भरली असेल तर डीमन आत घेतो, ‘कमाल जोडण्या झाल्या, नंतर या’ असं स्पष्ट सांगतो आणि तोडतो. क्लायंट ५ हा कोड (का संपला ते सांगणारा आकडा) देऊन संपतो.

महाल :
मग शब्द आहे : ओसरी. आलेला माणूस ओसरीवर बसतो, बोलावलं की आत जातो. ओसरीची जागा ५, आतली जागा २०. दोन आकडे कधीच मिसळणार नाहीत.

सक्करदरा :
ओसरी घ्या. हा शब्द वापरायलाही लांब नाही.

धरमपेठ :
घेतला. हस्तांदोलन?

हिंगणा :
त्यात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. खाली टीसीपीचं (पाकिटं पोचवण्याच्या नियमांचं) असतं : इकडून हाक, तिकडून ओ, इकडून ‘ऐकलं’. तीन पाकिटं. त्याला हस्तांदोलन म्हणा हवं तर. वर आरसिंकचं स्वतःचं असतं. दोघं आपापला प्रोटोकॉल आकडा सांगतात, त्यातला लहान आकडा दोघांनी पाळायचा. ३.१ मालिकेपासून तो ३१ होता, ३.४ मध्ये ३२ झाला; ३१ वाला ३२ वाल्याशी बोलतो तेव्हा काम ३१ वर चालतं. मग डीमनच्या वाटेवर क्लायंट मोड्यूलचं (डीमनने नाव देऊन खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव सांगतो, पासवर्ड लागत असेल तर तो होतो, मग पर्याय. हे अभिवादन नाही, हे अटी ठरवणं आहे.

महाल :
‘बोलणी’. लग्नाच्या बोलण्यांसारखी. ठरली नाहीत तर ‘बोलणी फिसकटली’ म्हणता येतं. हस्तांदोलन फिसकटलं असं कोणी म्हणत नाही.

हिंगणा :
उत्तम, कारण फिसकटण्याचं एक कारण नेहमीचं आहे. एसएसएचच्या वाटेवर पलीकडच्या वापरकर्त्याच्या बॅशआरसी या आपोआप वाचल्या जाणाऱ्या फायलीत कोणी ‘स्वागत आहे’ छापणारी एक एको ओळ टाकून ठेवतं. आरसिंक तिकडून आकड्याची वाट पाहत असतं, त्याच्या हाती ते स्वागत येतं. मग ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युवर शेल क्लीन’ आणि कोड २. लोक आवृत्ती बदलत बसतात. तपासायची रीत : एसएसएचने पलीकडे फक्त ‘ट्रू’ ही आज्ञा चालवा आणि येईल ते एका फायलीत घ्या. फाइल शून्य बाइटची असली पाहिजे. एक अक्षरही आलं, तर ते छापणारी ओळ शोधून काढा.

धरमपेठ :
आता चूक कळवणारे संदेश. कच्च्या मजकुरात चारही ठिकाणी ‘जोडणी अयशस्वी’ आहे.

हिंगणा :
तसं ठेवाल तर वाचणाऱ्याच्या हातून माहितीच काढून घ्याल. चारांचे चार अर्थ आहेत.

कनेक्शन रिफ्यूज्ड : मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कोणी जागलीला नाही, किंवा फायरवॉलने उलट नकार पाठवला. लगेच कळतं. पहिल्यांदा डीमन सुरू आहे का ते पाहा.

कनेक्शन टाइम्ड आउट : ओ आलीच नाही. मशीन बंद, वाट तुटलेली, किंवा फायरवॉल पाकीट मुकाट्याने गिळतो आहे. लिनक्सवर हे कळायला दोन मिनिटांच्या थोडं वर लागतं, कारण तो पुन्हा पुन्हा हाक मारून पाहतो.

कनेक्शन रीसेट : जोडणी लागली होती, पलीकडच्याने किंवा मधल्या पेटीने ती झटक्यात तोडली.

कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली क्लोज्ड : पलीकडची प्रक्रिया काम अर्धवट टाकून गेली. कोड सहसा १२. ‘आतापर्यंत शून्य बाइट आले’ असं सोबत असेल, तर बोलण्यांपूर्वीच गडबड आहे : पलीकडे आरसिंक बसवलेलंच नाही, किंवा लॉगिन फसलं. बरेच बाइट आलेले असतील, तर पलीकडची डिस्क भरली का, मेमरी संपून प्रक्रिया मारली गेली का, ते पलीकडच्या लॉगमध्ये पाहा. या बाजूच्या लॉगमध्ये कारण सापडत नाही.

महाल :
नकार मिळाला. ओ आली नाही. मध्येच तोडलं. काम टाकून गेला. क्रियापदातच फरक येऊ द्या, नामं जुळवत बसू नका.

सक्करदरा :
मुदती दोन आहेत हेही लिहा. ‘कॉनटाइमआउट’ ही ओ येण्याची मुदत, फक्त डीमनच्या वाटेवर चालते. टळली तर कोड ३५. ‘टाइमआउट’ ही गप्प राहण्याची मुदत. टळली तर कोड ३०. दोन्ही सेकंदांत.

हिंगणा :
आणि ‘टाइमआउट’ ही पूर्ण कामाची मुदत नाही, हे ठासून लिहा. ३६०० टाकून ‘एका तासात थांबेल’ असं समजतात. डेटा सरकत राहिला तर ते रात्रभर चालेल. कामालाच मर्यादा घालायची तर नव्या आवृत्त्यांत ‘स्टॉप-आफ्टर’ आहे, तो मिनिटांत. उलट गप्प राहण्याची मुदत ३० सेकंदांसारखी लहान ठेवू नका. मंद डिस्कवर मोठी फाइल तपासताना तार बराच वेळ मुकी राहू शकते.

धरमपेठ :
एक शब्द उरला : हाफ-ओपन. मजकुरात ‘अर्धी उघडी’ आहे.

महाल :
दार अर्धं उघडं असेल तर माणूस तिरपा होऊन आत जातो. इथे तसं आहे का?

हिंगणा :
नाही. एका बाजूच्या लेखी जोडणी आहे, दुसरीच्या लेखी नाही. कारखान्यात वीज गेली, राउटर आणि क्लायंट दोन्ही बंद पडले. निरोपाचं पाकीट निघालंच नाही. सर्व्हर पाठवत असेल तर लिनक्स साधारण १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवून सोडून देतो. नुसता वाट पाहत असेल तर त्याला काहीच कळत नाही. कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून आहे का ही अधूनमधून होणारी विचारणा) चालू असलं तरी पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी, मग ७५-७५ सेकंदांनी नऊ विचारण्या. म्हणजे २ तास ११ मिनिटं.

तोवर ती प्रक्रिया आतली जागा अडवून बसते. डीमन जागा मोजतो ते कुलूपफायलीच्या एकेका तुकड्याला कुलूप लावून. प्रक्रिया मेली की कर्नल कुलूप आपोआप सोडतो. म्हणून कुलूपफाइल पुसून उपयोग नाही, लटकलेली प्रक्रिया शोधावी लागते. ‘एसएस’ आज्ञेत ८७३ वरच्या लागलेल्या जोडण्या प्रक्रियांसकट पाहा. बंद पडलेल्या मशीनचा पत्ता दिसला की तीच. उन्हाळ्यात वीज दोन तासांत तीनदा गेली, कमाल जोडण्या ३ ठेवल्या आणि मुदत घातलीच नाही, तर चौथ्या खेपेला ‘नंतर या’. डीमनच्या मांडणीफायलीत टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे मुदत नाही. ६०० घाला.

महाल :
मग ‘एकतर्फी जोडणी’. एकाच्या मनात आहे, दुसऱ्याच्या गावीही नाही.

धरमपेठ :
लिहिलं : ‘एकतर्फी जोडणी आतली जागा अडवते. डीमनच्या मांडणीफायलीत गप्प राहण्याची मुदत ६०० सेकंद ठेवा.’ एसएसएचच्या वाटेवर हीच ओळ चालेल का?

हिंगणा :
नाही, तिथे डीमनची मांडणीफाइल वाचलीच जात नाही. क्लायंटच्या आज्ञेत टाइमआउट द्या आणि क्लायंटच्या एसएसएच मांडणीत ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ६० ठेवा. तो मुळात शून्य असतो. तीन विचारण्यांना उत्तर नाही आलं की एसएसएच तोडतं, म्हणजे साधारण तीन मिनिटांत. पण हे क्लायंटच्या बाजूने. वीज क्लायंटकडची गेली, तर पलीकडच्या एसएसएचडीमध्येही (एसएसएचच्या डीमनमध्ये) ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल’ हवा. दोन्ही बाजूंच्या ओळी एकाच पानावर समोरासमोर छापा.