बार्सिलोना ते मायामी, १४ रात्री: केबिन, शाकाहार, बोट लागणं, व्हिसा

डोंबिवली_लोकल
नोव्हेंबरात युरोपातली मोठी जहाजं कॅरिबियनच्या हंगामासाठी अटलांटिक ओलांडून जातात, त्यातली एक सफर बघतोय. बार्सिलोना, मालागा, कादिस, तेनेरीफ (स्पेनचं अटलांटिकमधलं बेट) आणि तिथून थेट मायामी. शेवटचे ७ दिवस किनारा नाही. दोघं साठीपुढचे, शाकाहारी (अंडंही नाही), एकाला इन्सुलिन चालू. रात्रीमागे भाडं स्वस्त वाटतंय. फसायला कुठे होतं? केबिन कोणती घ्यावी? बोट लागली तर काय?

सुकाणू
दिशा योग्य निवडलीत. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे जातं. बार्सिलोना ते मायामी ६ तासांचा फरक, म्हणजे ६ दिवस २५ तासांचे, रोज तासभर जास्त झोप. एप्रिलमध्ये उलट येणाऱ्यांचे तेच दिवस २३ तासांचे होतात आणि शेवटी शेवटी नाश्त्याला माणसं जांभया देत बसलेली असतात.

वाऱ्याचंही तेच. तेनेरीफ ते मायामी सुमारे ३,४०० सागरी मैल, २० नॉटने (ताशी २० सागरी मैल) ७ दिवस. या पट्ट्यात व्यापारी वारे ईशान्येकडून, म्हणजे तुमच्या मागून येतात. वारा १५-२० नॉटचा असला तरी जहाजही त्याच बेताने पळत असल्यामुळे डेकवर झुळूकच लागते. उलट दिशेला हीच बेरीज होते आणि खुर्चीवरचा टॉवेल उडून जातो. खवळलेला समुद्र भेटलाच तर बहुधा तेनेरीफच्या आधी भेटेल, कारण नोव्हेंबरातल्या भूमध्य समुद्राचा आणि जिब्राल्टरबाहेरच्या पाण्याचा भरवसा नसतो.

केबिन लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या. जहाज सी-सॉसारखं मध्यावर झुलतं, पुढच्या-मागच्या टोकाला वरखाली जास्त होतं. स्टॅबिलायझरचे पंख डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारी आपट नाही. केबिनच्या बरोबर वर किंवा खाली काय आहे ते डेक प्लॅनवर बघून घ्या. वर बुफे असेल तर पहाटे ५ पासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. अव्होमिन आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तास-दोन तास आधी. झोप येते, त्यामुळे वरून दारू नको. बाकीच्या औषधांशी जमतं का ते डॉक्टरांना विचारा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं आणि आलं चालतं. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका.

नांगर
वरच्यात भर. फसायला होतं ते व्हिसात. मायामीला फक्त उतरून विमान पकडायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, बहुधा पर्यटकांचा बी१/बी२. मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय परत न मिळणारं भाडं भरू नका. मध्ये कासाब्लांका किंवा टँजियरचा थांबा असलेली सफर घेतलीत तर जहाज शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाऊन परत आत येतं, मग शेंगेन मल्टिपल एंट्रीच हवा. कागद अपुरे असतील तर 'आम्ही खाली उतरणारच नाही' हे कारण चालत नाही, धक्क्यावरूनच परत पाठवतात.

इन्सुलिन: रोज तास सरकत असल्याने डोसच्या वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच न्या. केबिनचा मिनीबार नुसता गारसर असतो. औषधासाठी वेगळा फ्रिज आणि सुयांचा डबा आधी कळवून मागा. औषधं १४ नाही, २१ दिवसांची, आणि हातातल्या बॅगेत. मोठी बॅग केबिनपर्यंत संध्याकाळी पोहोचते. विम्यात समुद्रावरचा उपचार आणि आजाऱ्याला हलवण्याचा खर्च आहे ना ते तपासा. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो आणि मध्यसमुद्रात हेलिकॉप्टर पोहोचत नाही.

स्वस्त भाड्यात टिप नसते. माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर धरा, म्हणजे दोघांचे ४४८ ते ५६०. आणि फोन विमान मोडवर ठेवा. किनारा सुटला की तो जहाजाचं नेटवर्क पकडतो, बिल बघून बोट लागेल.

कोकमकढी
जेवणाबद्दल. बुकिंग झाल्यावर 'खास आहार'चा फॉर्म लगेच भरा. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. सूपमध्ये माशाचा स्टॉक, पुडिंगमध्ये जिलेटिन आणि चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असू शकतं, म्हणून काय चालत नाही ते नावानिशी लिहा. पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतो, डाळ-भात हवा तर तेव्हाच सांगायचा. बऱ्याच जहाजांवर गोव्याची माणसं कामाला असतात, कोकणी-मराठीत विचारून बघा. एखादी फोडणीची आमटी निघते.

केटल, इस्त्री, इंडक्शन जप्त होतात. बंद पाकिटातली चटणी, खाकरा ठीक. पण मायामीला उतरताना बुफेतलं सफरचंद पिशवीत राहिलं तर कस्टम्सला उत्तर द्यावं लागेल. हात साबणानेच धुवा, नोरोव्हायरससमोर (उलट्या-जुलाबाचा विषाणू) सॅनिटायझर कमी पडतो.

डोंबिवली_लोकल
इन्सुलिनच्या वेळेचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद! बाल्कनीचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

सुकाणू
माझ्या मते नाही. सात दिवस एकच निळी रेघ दिसते, ती डेकवरून फुकट दिसते. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये झोप चांगली लागते.

नांगर
असहमत. बुफेत १२.३० ला रांग आणि वारा वाढला की पूलवर जाळी, अशा दिवशी बसायला स्वतःची जागा हवी. फक्त घ्यायची तर डाव्या बाजूची घ्या. पश्चिमेला जाताना डावीकडे दक्षिण येते, नोव्हेंबरचं ऊन दिवसभर तिकडेच असतं. आणि लोहचुंबकाचे चार-सहा हुक न्या. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, ओले कपडे, पिशव्या, टोप्या टांगायला दुसरी सोय नाही.