मदत हवी आहे: क्लिअर लेकला आई-बाबांना न्यायचंय, केबिन की ओटेंटिक (पार्कचा तयार तंबू-केबिन)?

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात विनिपेगला असतो, ऑगस्टमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत तर त्यांना रायडिंग माउंटन नॅशनल पार्कला क्लिअर लेकवर न्यायचं खूप मनात आहे, इथून साधारण तीन तासांचा ड्राइव्ह. तिथल्या लेककाठच्या वासागामिंग गावातल्या ओटेंटिकमध्ये सहाजण झोपू शकतात पण अंथरूण-पांघरूण आपलंच न्यायचं आणि टॉयलेट बाहेर, बाबांना रात्री उठावं लागतं, अंधारात त्यांना टॉर्च धरून चालवत न्यायची मला धास्तीच वाटते. म्हणून आतच बाथरूम आणि छोटं किचन असलेली केबिन शोधतेय, आईला सकाळचा चहा स्वतःच्या हातचाच लागतो. कुणी राहिलंय का तिकडे? डास कितपत असतात? आणि त्याच पार्कमधल्या लेक ऑडीचे बायसन बघायला सकाळी जावं की संध्याकाळी? प्लीज सांगा, बुकिंग या वीकेंडलाच करायचंय.