२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे कम्प्युटर नसताना कसं कळलं?

वडगावचा_पोरगा:
बेळगावात डिप्लोमाला आहे. काल लॅबमधे सी भाषेत लूप चालवायलो होतो, आकडा वाढत वाढत २१४७४८३६४७ ला गेला आणि पुढच्या फेरीला एकदम मायनस. इंटची (पूर्णांक ठेवायच्या ३२ बिटवाल्या जागेची) मर्यादा, ते कळलं. पण मित्र म्हणतो ही मूळ संख्यापण आहे (कन्नडमधे अविभाज्य संख्ये, माझी सातवीपर्यंत मराठी शाळा आणि पुढं कन्नड त्यामुळं दोन्ही शब्द डोक्यात भांडतात) आणि ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७२ मधे हातानं सिद्ध केलंय म्हणे. वर्गमूळच ४६३४० च्या वर जातंय, तिथंपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसला काय तो माणूस? आणि मर्यादा नेमकी मूळ संख्या आली हे नशीब की काय कारण आहे?

निपाणीकर:
नशीब न्हवं भावा. २ चा ३१ वा घात वजा १ आहे हा, आणि ३१ मूळ म्हणून हापण मूळ. मर्सेन संख्या म्हणतात. (आणि सीमाभागात अविभाज्य शब्द जरा जपून वापर 😄)

खानापूरचे_मास्तर:
निपाणीकर, घाई केलात. ११ पण मूळच आहे की, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, तो २३ गुणिले ८९. घात मूळ नसेल तर संख्या फुटतेच, १६ बिटवाली मर्यादा ३२७६७ बघा, घात १५, ७ नं सरळ भाग जातोय. पण घात मूळ असला म्हणून हमी नाही. तेव्हा नशीबच म्हणायचं.

आता भागाकाराचं. समजा क ही मूळ संख्या ह्याला भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला क नं भागून बाकी १ उरणार, आणि ३१ मूळ असल्यानं त्याच्या आधी कुठंच १ उरत नाही, म्हणजे बाक्या ३१-३१ च्या फेऱ्यात फिरतात. फर्माच्या नियमानं क-१ व्या घातालापण १ च उरते, म्हणून क-१ ला ३१ नं भाग गेलाच पाहिजे, आणि क विषम म्हणून ६२ नं. दुसरं, ३२ व्या घाताची बाकी २, म्हणजे बाक्यांच्या हिशेबात २ हा २ च्या १६ व्या घाताचा वर्ग झाला, आणि ते तेव्हाच जमतं जेव्हा क ला ८ नं भागून १ नाहीतर ७ उरतात. दोन्ही अटी जोडा, क ला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३. ४६३४० पर्यंत असे आकडे, ६३ सोडून, फक्त ३७२. त्यातले जे मूळच नाहीत ते गळले. राहिलेल्यापैकी एकानंपण भाग जात नाही, संपला विषय. त्यावेळी ऑयलरला डोळ्यांनी जवळपास दिसत नव्हतं हे वेगळंच.

वडगावचा_पोरगा:
सर वहीवर करून बघितलो. २४९, ३११, ४९७, ५५९ असे पहिले दहा घेतलो, त्यात मूळ दोनच, ३११ आणि १३०३. बाकी ३५ आणि २२६ आली. भागाकार बरोबर आहे ना?

खानापूरचे_मास्तर:
बरोबर. आता १३०३ च्या पुढं चल.